डबीतला रुपया

पुण्यातल्या नाणे-प्रदर्शनात ज्या विक्रेत्याने गेल्या वर्षी मला व्हिक्टोरियाचा १८६२ सालचा ग्रेडेड, म्हणजे कंपनीने तपासून गुण दिलेला आणि डबीत सीलबंद केलेला, रुपया विकला, त्यानेच परवा तो परत घेण्याची वेळ आली तेव्हा, काउंटरवर मेलेली पाल ठेवावी तसे डबीकडे पाहिले. "साहेब, या कंपनीचं ग्रेडिंग बाजारात कुणी धरत नाही," असे तो म्हणाला. विकताना याच ग्रेडिंगवर डोळे झाकून विश्वास ठेवा, असे त्याने बजावले होते.

विक्रेत्याने स्वतःच्याच मालाला प्रमाणपत्र देऊ नये, एवढ्यासाठी तर अमेरिकेत १९८६ साली पीसीजीएस आणि १९८७ साली एनजीसी या कंपन्या निघाल्या: तिऱ्हाइताने नाणे पाहावे, त्याला १ ते ७० पैकी गुण द्यावेत आणि प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करावे. आता कोणत्या तिऱ्हाइतावर विश्वास ठेवायचा, हे मला त्याच विक्रेत्याला विचारावे लागते.

तेवढ्यात सफारी घातलेले एक काका मध्ये पडले. त्यांनी भिंग काढले, डबीची शिवण तपासली, होलोग्राम उजेडात तिरका धरला, लेबलावरचा क्रमांक मोबाइलवर टाकला आणि समाधानाने मान हलवली. १८६२ हेच साल पुढेही कित्येक वर्षे रुपयावर छापले जाई आणि खरे वर्ष मुंबईच्या टांकसाळीत मागच्या बाजूच्या बारीक ठिपक्यांनी दाखवत, असे अभ्यासक मानतात, म्हणून मी म्हटले, "काका, जरा ठिपकेही मोजा."

"नाणं कशाला बघायचं? ते तर त्यांनी बघितलंय!"

"मग ६३ आणि ६४ मध्ये फरक तरी काय?"

"चार हजारांचा."

हे उत्तर ही १ ते ७० ची गुणपद्धत आखणाऱ्या शेल्डनलाही पटले असते. १९४९ साली त्याने अमेरिकेतल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी हे गुण ठरवले, तेव्हा ७० गुणांच्या नाण्याला १ गुणाच्या नाण्याच्या सत्तरपट किंमत यावी, असाच त्याचा हिशेब होता.

लेबलावरचा क्रमांक संकेतस्थळावर सापडला, म्हणजे तो क्रमांक खरा, इतकेच सिद्ध होते. बनावट डबीवर खराच क्रमांक छापलेला असू शकतो. म्हणून नोंदीतले छायाचित्र समोरच्या नाण्याशी ताडून पाहावे लागते, आणि माझ्या रुपयाला गुण देणाऱ्या कंपनीने छायाचित्र ठेवण्याची तसदीच घेतलेली नाही. याउलट लक्ष्मीपूजनासाठी पिढ्यान्‌पिढ्या रांगोळीने घासून लखलखीत ठेवलेला घरचा रुपया नामांकित कंपनीकडे पाठवावा, तर 'साफ केलेले' असा शेरा पडून आकडाच नाकारला जातो. त्यात गैर काही नाही, पण शुल्क मात्र पूर्ण आकारतात, याचा राग येतो.

शेवटी विक्रेत्याने तोडगा सुचवला: डबी फोडून नाणे सुटे आणावे, मग चांदीच्या भावाच्या थोडे वर पाहता येईल. हे ऐकून काका हळहळले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "फोडायचीच असेल तर जरा जपून फोडा, लेबल मला हवंय."