पाचशे ग्रॅमचा प्रश्न : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

सप्रेम नमस्कार. पिस्तुलाचा ट्रिगर कधी बदलावा, या विषयावरील माझ्या लेखाला आपण पाठवलेली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. उत्तराला आठवडा लागला, याचे एक कारण मार्चअखेरची कामे हे आहे आणि दुसरे असे की आपल्या तीन आक्षेपांपैकी एक मला मान्य करावा लागणार, हे पहिल्याच वाचनात ध्यानात आले होते.

माझ्या वाचकांसाठी आपले म्हणणे थोडक्यात सांगतो. पहिले वर्षभर ट्रिगर बदलू नये, हा माझा सल्ला जुन्या पिढीचा हट्ट आहे, कारण अमेरिकेत लोक नवे पिस्तूल घरी आणतात आणि त्याच आठवड्यात त्यात हलका ट्रिगर बसवतात, असा आपला पहिला आक्षेप. मी इलेक्ट्रॉनिक ट्रिगरला 'हौशी लोकांचे खूळ' म्हटले आणि स्वतः मात्र तोच वापरतो, हा दुसरा. परवान्याच्या .३२ पिस्तुलाविषयी आणि रिव्हॉल्व्हरविषयी मी एक अक्षरही लिहिले नाही, हा तिसरा. शेवटी, आपल्या जुन्या एअर पिस्तुलासाठी ट्रिगरचा नवा संच परदेशातून मागवावा का, असेही आपण विचारले आहे.

अमेरिकेचे उदाहरण आधी घेतो, कारण त्यात तथ्य आहे आणि नेमके त्यामुळेच ते आपल्याला फसवते. तिकडे ज्या पिस्तुलांचे ट्रिगर सर्रास बदलले जातात, त्यांत ग्लॉक अग्रभागी आहे. या पिस्तुलाचा कारखान्यातून येणारा ट्रिगर साधारण अडीच किलोचा असतो, म्हणजे तो ओढायला तेवढा जोर लागतो, आणि रिकामी मॅगझिन लावलेल्या ग्लॉक १७ चे वजन सातशे ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे हातातल्या वस्तूच्या वजनाच्या तिपटीहून अधिक जोर एका बोटाने लावायचा आणि तो लावताना ती वस्तू हलू द्यायची नाही. अशा पिस्तुलाचा ट्रिगर हलका केल्यावर नेम सुधारतो, यात नवल नाही. आपल्या एअर पिस्तुलाचे वजन मात्र किलोच्या जवळपास असते आणि ट्रिगर पाचशे ग्रॅमचा, म्हणजे वजनाच्या निम्म्यावर. जो रोग तिथे आहे तो इथे नाही, मग तिथले औषध इथे का घ्यावे?

शिवाय पाचशे ग्रॅम ही आपली तळरेषा आहे. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार १० मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर ५०० ग्रॅमपेक्षा आणि २५ मीटर पिस्तुलाचा १००० ग्रॅमपेक्षा हलका असता कामा नये. फक्त ५० मीटर फ्री पिस्तुलाला अशी मर्यादा नाही आणि ती स्पर्धा २०१६ च्या रिओनंतर ऑलिंपिकमधून गेली. तेव्हा 'हलका ट्रिगर' या दोन शब्दांवर जे काही विकले जाते, त्याचा १० मीटरच्या स्पर्धकाला काडीचाही उपयोग नाही. आपले पिस्तूल चांगल्या बनावटीचे असेल, तर ते आजही पाचशेवर आणता येते आणि पाचशेच्या खाली न्यायची परवानगी कोणालाच नाही.

मग ट्रिगरमध्ये चांगले-वाईट काय असते? दाब जिथे तुटतो ती जागा दर वेळी तीच असणे आणि तुटण्याआधी बोटाला खरखर किंवा सरक न जाणवणे, एवढेच. आपल्या पिस्तुलांचा ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात तो सैलसर मागे येतो, मग एक भिंत लागते आणि त्या भिंतीपलीकडे थोडासा दाब वाढवला की शॉट सुटतो. एकूण पाचशे ग्रॅमपैकी किती भार पहिल्या टप्प्यात ठेवायचा आणि किती दुसऱ्यात, हे नेमबाजाने ठरवायचे असते. मी स्वतः सुमारे पावणेचारशे पहिल्यात ठेवतो. काही जण दुसरा टप्पा याहून जड ठेवतात, म्हणजे भिंत स्पष्ट लागते आणि शॉट चुकून सुटत नाही. नवशिक्याने तसेच ठेवावे, असे माझे मत आहे.

ही सूक्ष्मता कशासाठी, ते आकड्यांत पाहा. लक्ष्यावरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर आहे आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ त्रिज्येने आठ मिलिमीटर मोठे होते. नेम धरण्याच्या पुढच्या आणि मागच्या खुणा, म्हणजे साइट, यांतले अंतर ३३० मिलिमीटर धरले, तर ट्रिगर दाबताना पुढची साइट एका मिलिमीटरने हलल्यास छर्रा दहा मीटरवर तीस मिलिमीटर बाजूला जातो आणि दहाच्या जागी सात मिळतात. अर्धा मिलिमीटर हलल्यास नऊ. साठ शॉटमध्ये हा अर्धा मिलिमीटर वीस वेळा हलला, तर वीस गुण गेले. तो हलतो बहुधा बोटामुळे. बोट सरळ मागे न येता किंचित तिरपे आले की नळीला बाजूला ढकलते, मग ट्रिगर कितीही महागाचा असो.

यावरून आमच्या रेंजवरची एक गोष्ट आठवते. एका शाळकरी मुलीचे छर्रे सतत डावीकडे जात होते. तिच्या वडिलांनी ट्रिगरला दोष दिला आणि नव्या ट्रिगरची चौकशीही सुरू केली. मी तिचा हात पाहिला तर ग्रिप तिच्या तळहाताला एक माप मोठी होती. ट्रिगरपर्यंत पोहोचण्यासाठी ती मनगट वळवत होती आणि बोटाचे फक्त टोक ट्रिगरला तिरपे लागत होते. आम्ही ट्रिगरचा शू, म्हणजे बोट जिथे टेकते तो भाग, मागे घेतला, त्याचा कोन बदलला आणि ग्रिपला लाकडाची पुट्टी लावून दोन रविवार ती घासत बसलो. नवा ट्रिगर विकत घ्यावा लागला नाही. पहिल्या वर्षात ट्रिगर बदलू नका, असे मी लिहिले ते यासाठी. बदलू नका म्हणजे त्याला हातच लावू नका, असा अर्थ आपण घेतलात. त्यात माझ्या वाक्यरचनेचाही दोष असावा. समायोजन पहिल्या दिवसापासून करावे. आधी ग्रिप, मग शूचे अंतर आणि कोन, मग ट्रिगर स्टॉप, म्हणजे शॉट सुटल्यावर बोट आणखी मागे किती धावते ते रोखणारा स्क्रू, आणि सर्वांत शेवटी वजन. बहुतेक लोक नेमका उलटा क्रम लावतात आणि वजनापाशीच थांबतात.

सिअरचा स्क्रू मात्र मी यात धरलेला नाही. ट्रिगर सुटेपर्यंत सगळी यंत्रणा ज्या दोन कडांवर अडलेली असते, त्यांची पकड या स्क्रूने कमी-जास्त होते. ती फार कमी केली की ट्रिगर काचेसारखा तुटतो आणि एखाद्या दिवशी छर्रा भरून नुसते पिस्तूल बंद करतानाही शॉट सुटतो. पुस्तिकेत तो स्क्रू दाखवलेला असला, तरी हा अधिकार जाणकार कारागिराचा.

वजनाबाबत माझी स्वतःची फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी मी घरी स्प्रिंगच्या काट्याने मोजून ट्रिगर बरोबर ५०२ ग्रॅमवर ठेवला आणि मोठ्या ऐटीत एका राज्यस्तरीय स्पर्धेला गेलो. साहित्य तपासणीत पिस्तूल नळी वर करून उभे धरतात, ट्रिगरच्या मध्याजवळ पाचशे ग्रॅमचे वजन अडकवतात आणि ते वर उचलतात. वजन उचलले जाऊन ट्रिगर सुटता कामा नये आणि त्यासाठी तीन प्रयत्न मिळतात. माझा ट्रिगर तिन्ही वेळा सुटला. काट्याने ओढताना माझा कोन तिरपा होता आणि काटाही फारसा विश्वासाचा नव्हता. तिथेच स्क्रू फिरवून मी पुन्हा तपासणी करून घेतली, पण नंतर साठही शॉट अनोळखी ट्रिगरने मारावे लागले. तपासणी सामन्यानंतरही होऊ शकते आणि तिथे ट्रिगर हलका भरला तर थेट बाद. तेव्हापासून पितळेचे पाचशे ग्रॅमचे वजन माझ्या बॅगेत असते आणि ट्रिगर मी ५१५ च्या खाली नेत नाही. त्या पंधरा ग्रॅमने गुण जातात असे आजवर एकदाही जाणवले नाही.

आता इलेक्ट्रॉनिक ट्रिगर. येथे आपण बरोबर आहात आणि मी चुकलो आहे. 'खूळ' हा शब्द मी मागे घेतो आणि लेखात दुरुस्ती केली आहे. मोरिनी कंपनीच्या सीएम १६२ ईआयसारख्या पिस्तुलात बोटाचा दाब यांत्रिक सिअर सोडवत नाही, तर एक स्विच चालवतो, म्हणून घासणाऱ्या कडा नाहीत आणि हजारो शॉटनंतरही दाब तुटण्याची जागा बदलत नाही. ड्राय फायरसाठी, म्हणजे छर्रा न भरता करायच्या सरावासाठी, पिस्तूल पुन्हापुन्हा कॉक करावे लागत नाही आणि माझ्यासारख्या नोकरदाराला घरच्या भिंतीसमोर अर्धा तास सराव करताना ही सोय फार मोठी वाटते. मी तो घेतला तो याच सोयीसाठी, गुणांसाठी नव्हे. माझे गुण त्याने वाढले नाहीत, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

माझ्या मनात तेव्हा जी भीती होती ती वेगळी होती आणि ती मी नीट मांडायला हवी होती. पिस्तूल जितके गुंतागुंतीचे, तितका सामन्यातला बिघाड महाग. टोकियो ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला, दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि ५७५ गुणांसह तिची अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. २०२४ मध्ये पॅरिसला तिने याच प्रकारात कांस्यपदक घेतले, म्हणून त्या दिवसाचे ओझे आता हलके झाले आहे. पण तिच्यामागे संघाचे तंत्रज्ञ असतात. नागपूरच्या धरमपेठेत राहणाऱ्या माझ्यासारख्याचे सर्किट गेले, तर ते कुरिअरने दूर पाठवावे लागते आणि परत येईपर्यंत हंगाम संपतो. तेव्हा इलेक्ट्रॉनिक ट्रिगर घ्यावा की नाही, यापेक्षा तो बिघडल्यावर आपण कोणाकडे जाणार, हा प्रश्न नागपूरकराने आधी विचारावा.

तिसरा आक्षेप परवान्याच्या शस्त्राचा. त्याविषयी मी मौन पाळले होते ते जाणूनबुजून, पण आपण विचारलेच आहे तर सांगतो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ मध्ये अग्निशस्त्र बनवणे आणि विकणे यांच्याच जोडीला त्यात बदल करणे, ते दुरुस्त करणे आणि त्याची चाचणी घेणे, यांसाठीही परवाना सांगितला आहे. शस्त्र बाळगण्याचा आपला परवाना म्हणजे तो परवाना नव्हे. अग्निशस्त्राच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात, म्हणून परदेशी संकेतस्थळावरून स्प्रिंगचा संच 'खेळाचे साहित्य' म्हणून मागवणे हा खेळ नव्हे. काम करायचेच असेल तर परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा कारागिराकडे जावे आणि पावती जपून ठेवावी.

कायदा बाजूला ठेवला, तरी स्वसंरक्षणाच्या शस्त्रात हलक्या ट्रिगरची हौस मला पटत नाही. रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर जड लागतो तो बराचसा मुख्य स्प्रिंगमुळे आणि त्याच स्प्रिंगच्या जोरावर हॅमर काडतुसाच्या टोपीवर आदळतो. स्प्रिंग मऊ केली की बोटाला बरे वाटते, पण टोपी पेटेलच याची खात्री जाते. ज्या वस्तूचा उपयोग आयुष्यात कदाचित एकदाच होणार, तिने त्या एका वेळी नुसते 'टिक' म्हणावे, हे कोणाला परवडेल? ट्रिगरचा एक भाग बदलला की सुरक्षेचे गणित कसे हलते, याचे मोठे उदाहरण सिग सॉअर कंपनीच्या पी ३२० या पिस्तुलाचे आहे. ते ठरावीक कोनात पडल्यास गोळी सुटू शकते असे दिसल्यावर कंपनीने २०१७ मध्ये ग्राहकांसाठी ऐच्छिक सुधारणा जाहीर केली आणि त्या सुधारणेत वजनाने हलका असा नवा ट्रिगर होता, कारण पडताना जड ट्रिगर स्वतःच्याच जडत्वाने मागे सरकू शकतो. ट्रिगरचे वजन आणि ट्रिगर ओढायला लागणारे वजन या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे कारखान्याच्या अभियंत्यांनाही कधीकधी किंमत मोजून कळते. आपण बाजारातून आणलेला सुबक, जाड, धातूचा शू त्या दृष्टीने कोणी तपासलेला असतो?

राहिला आपल्या जुन्या एअर पिस्तुलाचा प्रश्न. आपल्या वर्णनावरून त्याचा दुसरा टप्पा हल्ली 'चिकट' लागतो आणि हिवाळ्यात अधिक. माझा अंदाज असा की सिअर झिजलेली नसून आत जुने वंगण गोंदासारखे घट्ट झाले आहे. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांत पातळ होऊन पसरायचे, त्यात धूळ मिसळायची आणि डिसेंबरच्या सकाळी सगळे आखडायचे, हे नागपुरात दर वर्षी चालते. संच मागवण्यापूर्वी यंत्रणा जाणकाराकडून साफ करून घ्यावी, निर्मात्याने सांगितलेले वंगण सांगितले तेवढेच लावावे आणि मग आठवडाभर ड्राय फायर करून पाहावे. तरीही दाब दर वेळी वेगळ्या जागी तुटत असेल तर सिअर झिजली आहे आणि तेव्हा नवा भाग अवश्य घ्यावा, पण मूळ निर्मात्याचाच. त्या वेळी मी वर्षाचा हिशेब विचारणार नाही.

रविवारी सकाळी आठपर्यंत मी रेंजवर असतो. पिस्तूल आणि त्याची पुस्तिका घेऊन या. पितळेचे वजन माझ्याकडे आहेच.

आपला,
लेखक