चंद्रावर परत जायचंय? आधी तारीख काढा

तर मंडळी, चंद्रावर माणूस परत पाठवायचं ठरवलंत ना, मग पहिलं काम म्हणजे तारीख जाहीर करून टाका, रॉकेटचं काय ते नंतर बघू. फक्त ती तारीख येईल तेव्हा तुम्ही खुर्चीत नसाल एवढं बघा. बुशनी २००४ ला सांगितलं २०२० पर्यंत जाऊ, ओबामांनी २०१० ला तो प्रोग्रामच गुंडाळायला काढला, मग २०१९ ला तेव्हाचे उपाध्यक्ष पेन्स म्हणाले पाच वर्षांत, आणि २०२४ पण आलं नि गेलं, चंद्रावर शेवटचा चाललेल्या सर्ननच्या १९७२ च्या बुटांचे ठसे अजून तसेच, तिकडे वारा नाही म्हणून, नाहीतर तेही कंटाळून उडून गेले असते.

इंजिनं नवीन बनवत बसू नका. जुन्या स्पेस शटलची आहेत की, पुन्हापुन्हा वापरायलाच बनवलेली, कितीदा वर जाऊन धडधाकट परत आलेली. आर्टेमिस-१ ला, म्हणजे नासाच्या नव्या चांद्रमोहिमेच्या पहिल्या बिनमाणसाच्या उड्डाणाला, त्यातली चार लावली आणि एका फेरीत पॅसिफिकला अर्पण. आपण विसर्जनाला निदान ‘पुढच्या वर्षी लवकर या’ तरी म्हणतो.

खर्चाचं कोणी काढलं तर विषय बदला. नासाच्याच ऑडिटवाल्यांनी २०२२ ला अमेरिकेच्या संसदेत सांगितलंय, आर्टेमिसची पहिली चार उड्डाणं प्रत्येकी ४.१ अब्ज डॉलर. चांद्रयान-३ साधारण ६१५ कोटीत झालं, म्हणजे एका उड्डाणात पन्नासेक चांद्रयानं. पण चांद्रयानातून हात हलवणारं कोणी दिसत नाही ना, मग टीव्हीवर दाखवणार काय?

आणि ‘रोबो असताना माणूस कशाला’ विचारणाऱ्यांना नोव्हेंबर २०२२ ची, आर्टेमिस-१ उडाली ती रात्र सांगा. हायड्रोजन गळतोय, सप्टेंबरमधेही हायड्रोजनच्याच गळतीने उड्डाण रद्द झालेलं, शेवटी तिघंजण इंधन भरलेल्या रॉकेटच्या पायथ्याशी गेले आणि नट आवळून आले. माणूस लागतोच हो. फक्त लागला तो फ्लोरिडात.

हां, एक गोष्ट मात्र हळू आवाजात. आजवर बारा जण चंद्रावर चालले, त्यात शिकलेला भूगर्भवाला एकच, श्मिट, तोही शेवटच्या फेरीत, आणि त्याला चालता चालता नारिंगी माती दिसली, जी पुढे जुन्या ज्वालामुखीची काच निघाली. रोव्हरला ती तशी दिसली असती? मला नाही वाटत. म्हणून तुमच्या यादीत भूगर्भवाल्याला अगदी तळाला ठेवा, पहिल्याच फेरीत पाठवलात तर चुकून काम होऊन बसेल.