निम्मी क्षमता म्हणजे निम्मी वीज नव्हे

‘भारतातली निम्मी वीज आता कोळशाविना तयार होते’ असा मेसेज फिरतोय. तसं नाही. २०२५ च्या मध्यावर बिगर-जीवाश्म (म्हणजे कोळसा, वायू, तेल न जाळणाऱ्या) स्रोतांनी ५० टक्के ओलांडले ते स्थापित क्षमतेत, म्हणजे उभारलेले प्रकल्प पूर्ण भाराने चालले तर जेवढी वीज देऊ शकतील त्यात, आणि त्यात धरणं नि अणुभट्ट्याही आल्या. २०३० चं उद्दिष्ट पाच वर्षं आधी गाठलं, हे कौतुकाचंच. पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या युनिटांपैकी ढोबळमानाने ७० टक्के अजून कोळशाचीच आहेत.

एक किलोवॉटचं सोलर दिवसाला चारेक युनिट देतं; तेवढ्याच क्षमतेचा कोळशाचा संच दिवसभर पूर्ण भाराने चालला तर २४. रात्री आठला घरोघरी पंखे, मिक्सर, टीव्ही चालू असतात, तेव्हा गच्चीवरचं पॅनेल शून्यावर असतं आणि चंद्रपूरचे संच धडधडत असतात. मेसेज पाठवणाऱ्याच्या मोबाइलचं चार्जिंगही बहुधा तेव्हाचंच.