आमटीतली डाळ काढू नका

परवा आत्तेभाऊ घरी आला, तेव्हा मी आणि आमची आठ वर्षांची, दोघं गादीवर पसरून 'स्टार ट्रेक: प्रॉडिजी' बघत होतो. (स्टार ट्रेक म्हणजे अवकाशयानातल्या सफरींची जुनी अमेरिकी मालिका, आणि हे तिचंच मुलांसाठीचं कार्टून.) दोन मिनिटं उभ्याउभ्या बघून साहेब म्हणाले, "अरेरे, तुझ्या स्टार ट्रेकचंही कार्टून करून टाकलं का?" त्या 'करून टाकलं'मध्ये सगळं आलं. वाया गेलं, पोरासोरांचं झालं. तेव्हा त्याला चहा दिला. उत्तर इथे देतोय.

त्याचा संशय अगदीच चुकीचा नाही, हे आधी कबूल करतो. 'रोबोकॉप'चंच बघा. १९८७चा सिनेमा. अमेरिकेत 'आर', म्हणजे मोठ्यांसाठीचं, सर्टिफिकेट मिळावं म्हणूनसुद्धा त्यातली हिंसा कापावी लागली होती. एका पोलिसाच्या छिन्नविच्छिन्न देहातून कंपनी यंत्र बनवते आणि ते 'आमचा माल' म्हणून रस्त्यावर उतरवते, अशी ती जळजळीत गोष्ट. पुढच्याच वर्षी, १९८८ला, त्याचं मुलांसाठी कार्टून हजर! बारा भाग. गोळ्या गेल्या, लेझर आले. त्याच सुमारास दुकानांत रोबोकॉपची खेळणीही आली. यात योगायोग काही नाही. अमेरिकेत १९८४ला टीव्हीवरच्या जाहिरातींची बंधनं सैल झाली होती, त्यामुळे खेळणं विकायला कार्टून हा तिकडे ठरलेला धंदाच झाला होता.

आपल्याकडे लहान मूल जेवायला असलं की तिखट घालायच्या आधी त्याच्यापुरती वाटीभर आमटी बाजूला काढतात. तिखट नसतं, पण डाळ तीच, आमसूल तेच, गूळ तोच. रोबोकॉपच्या कार्टूनमध्ये तिखटाबरोबर डाळही उपसली. राहिलं ते पिवळं पाणी.

आता १९७३कडे या. मूळ स्टार ट्रेक १९६९लाच बंद पडलेली. फिल्मेशन नावाच्या कंपनीनं ती कार्टून म्हणून परत आणली, शनिवार सकाळच्या, म्हणजे मुलांच्या वेळेत. सगळे मिळून भाग २२. चित्रं काटकसरीची. माणसं खांबासारखी उभी, हलतात फक्त ओठ, आणि तेच ते शॉट फिरून फिरून येतात. पण आवाज मूळ नटांचे. पैसे वाचवायला उहुरा आणि सुलू या यानावरच्या दोन अधिकाऱ्यांचे नट वगळायचं घाटत होतं, तेव्हा स्पॉक या अर्ध्या परग्रहवासी अधिकाऱ्याचं काम करणारे लिओनार्ड निमॉय म्हणाले, ते नसतील तर मीही नाही. चेकॉव या आणखी एका अधिकाऱ्याचं काम करणारे वॉल्टर कोनिग मात्र बजेटमध्ये बसले नाहीत. पुढे त्यांनी एक भाग लिहिला, एवढंच.

आणि गोष्टी लिहायला बसली होती मूळ मालिकेचीच मंडळी. डी. सी. फोंटाना या बाईंनी लिहिलेला 'येस्टरइयर' हा भाग तर मी कुणालाही दाखवीन. इतिहासात काहीतरी बिनसतं आणि स्पॉक सात वर्षांचा असतानाच मेला होता असं होऊन बसतं. मग मोठा स्पॉक भूतकाळात जातो, लांबचा भाऊ म्हणून स्वतःच्याच घरी उतरतो. तिथला छोटा स्पॉक आई पृथ्वीवरची म्हणून पोरांची चिडवाचिडवी सोसतोय. वाळवंटातल्या परीक्षेला तो एकटाच निघतो, मागोमाग त्याचा म्हातारा पाळीव प्राणी आय-चाया. अस्वलाएवढा, सुळेवाला, धापा टाकत चालणारा. विषारी नख्यांच्या श्वापदाशी झुंजताना तो जबर जखमी होतो. वैद्य येतो आणि सांगतो, वेदनेत थोडे दिवस जगवता येईल किंवा शांतपणे सोडवता येईल. निर्णय त्या सात वर्षांच्या पोरावर. तो सोडवायला सांगतो.

शनिवार सकाळ, १९७३, समोर कॉर्नफ्लेक्स खाणारी पोरं! मुलांना हे झेपेल का, अशी चॅनेलला धास्ती होती, पण प्रसंग कापला गेला नाही. १९७५ला या मालिकेला मुलांच्या कार्यक्रमासाठीचं एमी, म्हणजे अमेरिकी टीव्हीचं मोठं बक्षीस, मिळालं.

'प्रॉडिजी'ची जात हीच. २०२१ची मालिका. खाणीत राबणारी कैदी पोरं, प्रत्येकाची भाषा वेगळी, आणि त्यांनी एकमेकांशी बोलू नये म्हणून भाषांतराचं यंत्र मुद्दाम कुणाला दिलेलं नाही. (ही युक्ती आठ वर्षांच्या मुलीला समजावताना मला गुलामगिरीवर वेगळं व्याख्यान द्यावं लागलं नाही.) त्यातली रॉक-टॉक म्हणजे दगडाचा डोंगर. तिची नुसती गुरगुर ऐकू येते, सगळे तिला टरकून असतात. मग पोरांना एक बेवारस यान सापडतं, त्यातलं यंत्र सुरू होतं, आणि त्या डोंगरातून चक्क लहान मुलीचा आवाज येतो. आमची ताडकन उठून बसली. "बाबा, ती माझ्याएवढी आहे!" खरंच, तीही आठच वर्षांची.

या मालिकेला २०२३च्या जूनमध्ये तिच्याच कंपनीनं आपल्या ओटीटीवरून उचलून बाहेर काढलं. दुसरा सीझन जवळपास तयार असताना! शेवटी नेटफ्लिक्सनं घेतली म्हणून २०२४ला तो बघायला तरी मिळाला. मोठ्यांच्या मालिकेचं असं केलं असतं तर केवढा गदारोळ झाला असता. पण कार्टून ना, मग त्याचं काय एवढं!

स्टार वॉर्सवाल्यांचं मला विचारू नका, त्या घरात मी पाहुणा. एवढं ठाऊक आहे की २००८च्या 'क्लोन वॉर्स' या त्यांच्या कार्टूनमधल्या अहसोका नावाच्या पोरीला पहिल्यांदा चाहत्यांनी आगाऊ म्हणून नाकं मुरडली, आणि २०२३ला तिच्याच नावाची खऱ्या नटांची मालिका निघाली.

आपल्याकडे? २०१३ला 'क्रिश ३'च्या सुमारास कार्टून नेटवर्कवर 'किड क्रिश' आला. २०२४ला 'कल्की' या सिनेमाच्या आधी 'बुज्जी अँड भैरवा'चे दोन भाग आले. बुज्जी ही बोलणारी गाडी मला सिनेमातल्या बऱ्याच माणसांपेक्षा आवडते, पण ते दोन भाग म्हणजे सिनेमाची जाहिरातच, जरा बऱ्यापैकी काढलेली. आपल्या निर्मात्यांना मूल दिसतं ते आईबापांना तिकीट काढायला लावणारं. त्याच्यासमोर एखादा आय-चाया ठेवायची हिंमत मला अजून तरी कुणात दिसलेली नाही.

तर आत्तेभाऊ, पुढच्या वेळी पोरांना घेऊन ये. 'येस्टरइयर' लावू, अर्ध्या तासाच्या आत संपतो. फक्त मधे कुणी उठायचं नाही. मुलीबरोबर बघताना मी कुकर बंद करायला उठलो होतो. परत आलो तर आय-चाया गेलेला, आणि पोरगी रिमोट दोन्ही हातांत धरून, टीव्ही थांबवून एकटीच बसली होती.