पिझ्झा कुठनं मागवायचा ते एकदाचं सांगून टाकते

सकाळपासनं डोकं तापलंय म्हणून लिहितेय. लांबलचक होणार आहे, वेळ असेल त्यांनीच वाचा.

उद्या भिशी माझ्याकडं. पाऊस असा लागून राहिलाय की स्वयंपाकाचा घाट नको, पिझ्झा मागवू म्हणून मी ग्रुपवर पोल टाकला, जुन्याकडनं की नव्याकडनं. जुना म्हणजे आमच्या मंगळवार पेठेतला, आधीचा बेकरीवाला. नवा म्हणजे ताराबाई पार्कातला, लाकडाच्या भट्टीचा. नावं घेत नाही, कोल्हापूर ते केवढं, ज्यांना कळायचं त्यांना कळलं. तर मतं पडायच्या आधीच एकीनं लिहिलं, "त्या जुन्याकडं काय ठेवलंय गं, बसायला धड खुर्ची नाही, फोटो पण चांगला येत नाही." आणि त्याच्यावर धडाधड अंगठे. ज्या बायकांनी पोरांचे वाढदिवस त्या दुकानात केलेत त्यांचे पण अंगठे!

फोटो चांगला येत नाही म्हणे. पोटात काय घालायचं ते आता फोटो ठरवणार?

ग्रुपवर मी काही बोलले नाही. तिथं बोललं की भांडण होतंय, मग कोणतरी रुसून ग्रुप सोडतंय, मग तिला परत आणायला फोन करत बसा. म्हणून इथं.

त्या जुन्या माणसाची एक गोष्ट सांगते, माझ्या घरातल्यांना पाठ झालीय पण तुम्हाला माहीत नसंल. मे महिना होता, नणंदेची पोरं पुण्याहनं सुट्टीला आलेली, घरात नुसता दंगा, सगळ्यांना संध्याकाळी पिझ्झा कबूल केलेला. सहाच्या सुमाराला मी दुकानात फोन केला, ऑर्डर सांगायला लागले, तर हा माणूस मला मध्येच थांबवून म्हणतो, "वहिनी, आज नको. दुपारी लाईट गेल्ती, फ्रीज बंद होता, पीठ जास्त आंबलंय. आज माझ्याकडचं घेऊ नका, पोरास्नी खासबागेत भेळ चारा, उद्या मी ताजं मळून ठेवतो." एवढी मोठी ऑर्डर! घरात पाच-सहा तोंडं, शनिवारची संध्याकाळ, आणि माणूस नको म्हणतोय. पोरं हिरमुसली, नणंद म्हणाली असला कसला दुकानदार. मी तेव्हापासनं त्याची गिऱ्हाईक आहे ती आहेच.

कारण मला पीठ कळतंय. घरात पाव करून बघितलेल्या कुणालाही कळंल. यीस्ट घातलेलं पीठ थंडीत हळू फुगतं, म्हणून ते रात्रभर फ्रीजमध्ये ठेवतात, त्याला चव येते. आपल्या मे महिन्यात तेच पीठ बाहेर राहिलं की बघता बघता फुगून खाली बसतं, ताणलं की फाटतं, आंबूस वास येतो, आणि पिठातली साखर यीस्टनं खाऊन टाकलेली असते म्हणून भाजताना रंगच चढत नाही, बेस पांढराफटक राहतो. आता हे सगळं झाकता येतं की नाही? आरामात येतं. वरनं सॉस जास्त, चीज जास्त, ओरेगॅनो भुरभुरला की आपल्यासारखीला काय कळणार, पोरांना तर त्याहनं नाही. त्यानं झाकलं नाही. सांगितलं. बास, माझ्यासाठी विषय तिथंच संपतो.

पण तुमच्यासाठी संपत नाही हे माहीत आहे, म्हणून नव्याचं पण सांगते.

नव्याकडचा पिझ्झा तिथं बसून खाल्ला तर जुन्यापेक्षा चांगला आहे. घ्या, लिहिलं.

ती दोन पोरं आहेत, शिकून आलेली, आणि त्यांनी भट्टी खरंच नीट बांधून घेतलीय. नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा म्हणजे ४३० ते ४८० अंशाच्या आसपास तापलेली भट्टी आणि त्यात ६० ते ९० सेकंद, संपलं. आपल्या घरच्या ओव्हनला २५० पर्यंत जाताना धाप लागते. एवढ्या आगीत कड भसाभस फुगते, वर काळे ठिपके पडतात, आणि मधला भाग मऊ, ओलसर राहतो, तो तसाच राहायला पाहिजे, ती चूक नाही. नेपल्समधल्या पिझ्झावाल्यांच्या या हातकामाला युनेस्कोनं २०१७ साली वारशाच्या यादीत घेतलंय, उगंच नाही. त्या पोरांना मी भट्टीसमोर उभं राहून काम करताना बघितलंय, घामानं निथळत असतात, माझा त्यांच्यावर काडीचा राग नाही.

राग आहे तो आपल्यावर, जे तो पिझ्झा खोक्यात घालून घरी मागवतात.

अगं, दीड मिनिटात भाजलेल्या बेसमधलं पाणी उडायला वेळ तरी मिळालाय का? तो ताटात पडल्या पडल्या खायचा पदार्थ आहे. तो बंद खोक्यात घालायचा, ताराबाई पार्कातनं निघायचं, दसरा चौकात अडकायचं, बिंदू चौकात अडकायचं, मिरजकर तिकटीला परत अडकायचं, वरनं पाऊस, आणि मग आमच्या गल्लीत घर शोधत फिरायचं. तोवर खोक्यातली वाफ झाकणाला लागून परत पिझ्झ्यावर टपकलेली असते. मागच्या महिन्यात माझ्याकडं आला तेव्हा तुकडा उचलला तर चीज, टोमॅटो सगळं घसरून खोक्यात आणि माझ्या हातात नुसतं ओलं फडकं. दुकानात फोन केला तर म्हणे मॅडम अ‍ॅपवर तक्रार टाका. अ‍ॅपवर टाकली तर तिथं माणूसच नाही, मशीन उत्तर देतंय, तुमच्या गैरसोयीबद्दल खेद आहे. अरे मला खेद नको, मला जेवायला पाहिजे होतं, रात्रीचे साडेनऊ वाजलेले!

आणि तेव्हा मला तो मे महिना आठवला. लाईट गेल्ती, आज नको वहिनी. एक माणूस आपणहून सांगतोय की आजचा माल बरा नाही, आणि इकडं माल बिघडून घरात आला तरी सांगायला माणूस सापडत नाही.

जुन्याचा पिझ्झा उलट प्रवासाचा आहे. तो पत्र्याच्या ट्रेमध्ये, इलेक्ट्रिक ओव्हनमध्ये, कमी आगीवर जास्त वेळ भाजतो. बेकरीतला हात, खारी-टोस्ट करत आलेला. बेस जाड असतो, खालनं तेलात तळल्यासारखा कुरकुरीत, आतनं पावासारखा. हे इटलीवाल्यांना दाखवलं तर पसंत करणार नाहीत, मान्य. पण अर्ध्या तासानं उघडला तरी तुकडा हातात ताठ उभा राहतो, आणि सकाळी उरलेला तव्यावर झाकण ठेवून गरम केला तर माझा मुलगा डब्यात नेतो. शिवाय मिरचीचा ठेचा मागितला तर देतो. पिझ्झ्याबरोबर ठेचा कोण खातं असं कुणी विचारू नका, आपण खातो.

खुर्च्यांचं म्हणाल तर खरंच वाईट आहेत. त्यानं बदलायला पाहिजेत. मी सांगितलंय त्याला.

आता पैसे. नव्याची ऑफर आहे म्हणून ज्या उड्या मारतायत त्यांनी जरा पेन घ्या. एकावर एक फ्री, सात इंची दोन, चारशे रुपये. जुन्याचा दहा इंची एक, तीनशे वीस. ऐकायला दोन म्हणजे जास्त वाटतंय ना? गोलाचं क्षेत्रफळ शाळेत शिकलोय आपण. सात इंचीचं साडेअडतीस चौरस इंच, दोन मिळून सत्त्याहत्तर. दहा इंचीचं एकट्याचं साडेअठ्ठ्याहत्तर. म्हणजे ऐंशी रुपये जास्त देऊन पिझ्झा थोडा कमीच येतोय, आणि त्यात दोन पिझ्झ्यांच्या कडा जास्त, ज्या पोरं ताटात टाकतात. आणि बारा इंची एक घेतला तर एकशे तेरा चौरस इंच होतात, दहा इंचीच्या जवळपास दीडपट. माणसं जास्त असली की मोठा घ्यावा, साधा हिशोब आहे. मी मंडईत दोन रुपयाला घासाघीस करणाऱ्या बायकांना हे सांगतेय याचंच मला आश्चर्य वाटतंय.

आणि अ‍ॅपवरनं मागवायचंच कशाला? अ‍ॅपवाले दुकानदाराकडनं कमिशन घेतात, ते भरून काढायला दुकानदार अ‍ॅपवरचे दर वाढवून ठेवतो, ते शेवटी आपणच देतोय. फोन करा. जुन्याचा पोरगा स्वतः सायकलवरनं आणून देतो, पाऊस जास्त असला की उशीर होतो, तेवढं आहे.

चीजच्या बाबतीत मात्र दोघांनाही बोट लावायला जागा नाही, दोघं दुधाचंच वापरतात. हे सांगायला लागतंय कारण स्वस्तातल्या पिझ्झ्यावर जे पांढरं येतं त्यात बऱ्याचदा दुधाच्या फॅटऐवजी पामतेल असतं. पाकिटावर ते लिहावं लागतं, पण हॉटेलात बसलेल्या गिऱ्हाईकाला पाकीट दिसतंय कुठं. जुन्याला मी एकदा विचारलं तर आतनं पाकीटच आणून काउंटरवर ठेवलं, बघा म्हणाला. नव्यानं मेनूवर "इम्पोर्टेड" लिहिलंय. असेल.

खरं तर आपल्याला हे शिकवायला लागू नये. आपण कोल्हापूरची माणसं. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर समोर म्हैस पिळून घेतो, डोळ्यादेखत, फेसासकट पेला तोंडाला लावतो. मटण घेताना उभं राहून कुठला तुकडा पाहिजे ते सांगतो, दुकानदाराला दोन शब्द ऐकवतो. आणि पिझ्झा आला की एकदम मोबाईलवरच्या चित्राला हात जोडून मोकळं. ज्या गावात खाणं समोर बघून, माणूस ओळखून घ्यायची सवय आहे त्या गावात "फोटो चांगला येत नाही" हे कारण कसं काय चालतं हे मला कळत नाही, आणि कळून घ्यायचं पण नाही.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. ज्या मैत्रिणीनं ते लिहिलं ती हे वाचणार आहे, तर तिला सांगते, तुझ्यावर राग नाही गं. तुझी मुलगी नव्याकडं मैत्रिणींबरोबर जाते, तिला तिथं छान वाटतं, जाऊ दे की. आमची पिढी बेकरीत उभं राहून क्रीमरोल खात मोठी झाली, त्यांना बसायला सोफा पाहिजे, त्यात काय वाईट. पुढच्या आठवड्यात पाऊस उघडला तर आपण दोघी पण जाऊ, भट्टीजवळच्या टेबलावर बसू, मार्गेरिटा सांगू, आला की लगेच खाऊ. तिथला तोच घ्यायचा, जास्त टॉपिंग टाकलेला घेऊ नको, त्या पातळ बेसला ओझं झेपत नाही.

पण घरी मागवायचा तो जुन्याकडनंच. भिशीला पण तिथलाच येणार, पोलमध्ये काय का पडेना, घर माझं आहे. बारा इंची तीन, एक बिनकांद्या-लसणाचा, हे त्याला आत्ताच सांगून ठेवलंय. पलीकडनं म्हणाला, "वहिनी, सकाळी मळतो, दुपारी फोन करून सांगतो कसं आलंय ते." बघा. हे अ‍ॅपवर येतं का?

एक राहिलंच, आणि हे मी मनापासनं विचारतेय. इटलीत सगळ्यात नावाजलेला मोझ्झारेला म्हशीच्या दुधाचा असतो, कंपानिया भागात, नेपल्सच्या आजूबाजूला, म्हशी पाळूनच करतात. आणि आपल्या जिल्ह्यात म्हशीचं दूध असं आहे की गोकुळचे टँकर रोज मुंबईला जातात. मग कोल्हापुरातल्या पिझ्झ्यावर इम्पोर्टेड चीज का असावं? म्हशीच्या दुधाचा ताजा मोझ्झारेला, पाण्यातला, पांढरा गोळा, इथं कोण करतंय का? करवीर, कागल, गडहिंग्लज, कुठंही. बचत गटातल्या कुणी शिकलंय का? ओळखीत कोण असेल तर खाली लिहा नाहीतर मला मेसेज करा. मी घेईन, आणि जुन्या-नव्या दोघांकडं पण मी स्वतः नमुना घेऊन जाईन.