फिट लपवायला लावणारा नियम

२०२२ च्या जानेवारीत शिरूर तालुक्यात महिलांच्या सहलीची मिनीबस परतत असताना वाटेत चालकाला फिट आली. प्रवाशांतल्या एका बाईंनी स्टीअरिंग हातात घेतलं आणि गाडी सुखरूप पोचवली. त्यांचं राज्यभर कौतुक झालं, ते व्हायलाच हवं होतं. पण त्या निमित्ताने आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर जी चर्चा झाली, ती इंग्लंडात बसून वाचताना मी फार अस्वस्थ झाले. 'फिट येणाऱ्यांना लायसनच देऊ नये,' असं जो तो लिहीत होता. अशी बातमी आली की आजही हेच लिहिलं जातं.

आपल्याकडे ते देत नाहीतच. लायसनच्या अर्जासोबत जो फॉर्म १ भरावा लागतो, त्यात अपस्माराचा, म्हणजे वारंवार फिट येण्याचा, किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास आहे का, असा थेट प्रश्न असतो. 'हो' लिहिलं की विषय संपला. शेवटची फिट येऊन सहा महिने झालेत की दहा वर्षं, हे कोणी विचारत नाही, कारण किती काळ फिट आली नाही तर लायसन द्यायचं, हे कायद्यात कुठेच सांगितलेलं नाही. मग लोक काय करतात? 'नाही' लिहितात. मी त्या चालकाविषयी बोलत नाही, एकूण नियमाविषयी बोलते आहे. ज्या माणसाला रोज दुचाकीवरून कामावर जायचं आहे, त्याला हा फॉर्म खोटं लिहायला भाग पाडतो.

ब्रिटनमध्ये फिट आली की गाडी चालवणं ताबडतोब थांबवायचं आणि लायसन देणाऱ्या सरकारी खात्याला स्वतःहून कळवायचं, हे बंधनकारक आहे. अपस्मार असलेल्या माणसाला बारा महिने फिट आली नाही तर मोटारीचं लायसन पुन्हा मिळू शकतं, औषध चालू असलं तरी. बस आणि ट्रकसाठी मात्र औषधाशिवाय दहा वर्षं फिट आलेली नसावी लागते. म्हणजे प्रवाशांचा जीव ज्याच्या हातात, त्याच्यासाठी हा नियम चांगलाच कडक आहे. पण खरं बोलणाऱ्याला पुढे वाट आहे. म्हणून इथे माणसं डॉक्टरला सांगतात, 'गेल्या मंगळवारी पुन्हा झालं.' आपल्याकडे तेच वाक्य गिळलं जातं आणि डॉक्टर जुनाच डोस लिहून देतात.

हे गिळलेलं वाक्य महाग पडतं, कारण या आजाराचं निदान मुख्यतः सांगण्यावर होतं. एमआरआय मेंदूतली गाठ किंवा जुना घाव दाखवतो, पण अपस्मार असलेल्या कितीतरी जणांचा एमआरआय स्वच्छ असतो. दोन फिटच्या मध्ये काढलेला ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, तोसुद्धा नॉर्मल येऊ शकतो. ज्याने फिट पाहिली त्याने काय पाहिलं, यावर सगळी भिस्त. चेहरा आधी पांढराफटक पडला का? पडल्यावर लगेच शुद्ध आली की अर्धा तास भांबावलेपणात गेला? जीभ कडेला चावली गेली का? चक्कर येऊन पडलेल्या माणसाचे हातपायही क्षणभर झटके देतात, आणि मग हृदयाच्या ठोक्यांचा दोष असलेल्याला वर्षानुवर्षं फिटच्या गोळ्या दिल्या जातात. म्हणून पहिल्या फिटनंतर हृदयाचा साधा ईसीजी काढायचाच, हा इथला दंडक मला फार शहाणपणाचा वाटतो.

त्यातून प्रत्येक वयात या आजाराचं रूप वेगळं. सहा-सात महिन्यांचं बाळ झोपेतून उठल्यावर एकामागून एक दचकल्यासारखं पुढे वाकतं, हात पसरतं, आणि घरातले म्हणतात पोटात दुखत असेल. ही इन्फंटाइल स्पाझम, म्हणजे तान्ह्या बाळांना येणारी फिट, असू शकते, आणि त्यात उपचाराला आठवडे गेले तर बाळाच्या वाढीवर परिणाम होतो. मोबाइलवर काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ तिथे मोलाचा. याउलट सहा महिने ते पाच वर्षं या वयात तापात येणारी फिट दिसायला भयंकर, पण बहुतेक मुलांना त्यासाठी कायमचं औषध लागत नाही. शाळकरी मुलगा वाक्य अर्धवट सोडून दहा सेकंद शून्यात बघतो आणि पुन्हा लिहायला लागतो. हीसुद्धा फिटच, पण त्याला धांदरट, लक्ष नसलेला ठरवलं जातं. डॉक्टरांनी त्याला तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावला तर बहुतेक वेळा तो झटका समोरच येतो. म्हाताऱ्या माणसांत तर पडणं-थरथरणं नसतंच कधीकधी. पक्षाघातानंतर काही महिन्यांनी आजोबा मधूनच पाच मिनिटं असंबद्ध बोलतात, आणि 'आता वय झालं' म्हणून घरातले गप्प बसतात. अपस्मार नव्याने सुरू होण्याचं प्रमाण लहान मुलांत आणि साठीनंतर सर्वांत जास्त असतं, हे आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही.

माझ्या नात्यातली एक मुलगी. कॉलेजात असताना सकाळी तिच्या हातातून कप निसटायचा, कंगवा उडायचा, परीक्षेच्या जागरणानंतर जास्तच. वेंधळी म्हणून तिची चेष्टा झाली. मग एक दिवस मोठी फिट आली, आणि दवाखान्यात तेवढीच सांगितली गेली. सकाळचे झटके कोणी विचारले नाहीत, कोणी सांगितले नाहीत. वयात येताना सुरू होणाऱ्या अपस्माराच्या या प्रकारात कार्बामाझेपिनसारख्या फिटवरच्याच गोळीने झटके वाढू शकतात, आणि तिला नेमकी तीच मिळाली. योग्य गोळी मिळेपर्यंत वर्ष गेलं. नंतर लग्न ठरलं. सासरी सांगायचं नाही, असं घरच्या मोठ्यांनी ठरवलं. सासरच्या घरात रात्रीची गोळी कोणाच्या नजरेत न येता घ्यायची कशी? एक चुकली, दोन चुकल्या, आणि लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ती फिट येऊन पडली.

लग्नाच्या बाबतीत आपला कायदा पुढे गेलेला आहे. १९९९ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा या दोन्हींतून अपस्माराचा उल्लेख काढून टाकला. आता तेवढ्या कारणावरून लग्न अवैध ठरवता येत नाही. पण घरात अजून जुनाच कायदा चालतो. आणि लपवण्याचं सगळं ओझं मुलीवर. व्हॅल्प्रोएट हे फिटवरचं औषध गरोदरपणात घेतलं तर साधारण दहातल्या एका बाळात जन्मजात व्यंग आणि दहातल्या तीन-चार मुलांच्या वाढीत अडचणी दिसतात. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२४ पासून ५५ वर्षांखालच्या कोणाही नव्या रुग्णाला, बाई असो वा पुरुष, दोन तज्ज्ञांची संमती असल्याशिवाय ते सुरू करत नाहीत. गोळी लपूनछपून घेणाऱ्या नव्या नवरीशी हे बोलायचं कोणी? आणि भीतीपोटी तिने गोळ्या एकदम बंद केल्या तर ते आणखी घातक.

आपल्याकडे मागणी होते ती यंत्रांची: जिल्ह्याजिल्ह्यात एमआरआय, मोठी रुग्णालयं. ती हवीतच. पण तपासण्यांच्या वेगात आपण ब्रिटनच्याही पुढे आहोत. इथे पहिल्या फिटनंतर दोन आठवड्यांत तज्ज्ञ भेटावा असं मार्गदर्शक तत्त्व आहे, प्रत्यक्षात कितीतरी जण महिनोन्महिने ताटकळतात. आपल्याकडे ऐपत असेल तर त्याच आठवड्यात न्यूरोलॉजिस्ट आणि एमआरआय दोन्ही होतात. ज्ञानातही आपण कमी नाही. तरुण मुलांच्या स्कॅनमध्ये दिसणाऱ्या लहानशा गाठीला टीबी समजून औषधं दिली जात, तेव्हा त्यातल्या बहुतेक गाठी फीतकृमीच्या अळीमुळे होतात हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं. दूषित पाण्या-भाज्यांतून अंडी पोटात जातात, त्यामुळे कधी मांस न खाल्लेल्यांनाही ती होते.

इथून न्यावंसं वाटतं ते वेगळंच. मी एका प्राथमिक शाळेत मदतनीस आहे. आमच्या वर्गातल्या एका मुलीची केअर प्लॅन शिक्षकांच्या खोलीत कपाटाच्या दाराला आतून लावलेली आहे: तिचा फोटो, फिट कशी सुरू होते, घड्याळ लावा, कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, पाच मिनिटांत थांबली नाही तर गाल आणि हिरडीच्या मध्ये मिडाझोलाम हे फिट थांबवणारं औषध द्या आणि अँब्युलन्स बोलवा. औषधाची भरलेली सिरिंज कुठे आहे, हे आम्हा सगळ्यांना पाठ. शाळेच्या नर्सने ते प्रत्येकीकडून करून घेतलं. कांदा हुंगवणं, हातात किल्ल्या कोंबणं याला इथे जागाच राहत नाही. आणि एपिलेप्सी नर्स, म्हणजे फक्त अपस्माराच्या रुग्णांसाठीची नर्स, नावाची व्यक्ती असते, गोळी चुकली, झोप उडाली, चिडचिड वाढली तर तिला फोन करायचा.

ही यंत्रणा उभी करायला आपल्याकडे माणसं आहेत. आशाताई घरोघरी जातातच. फेनोबार्बिटोनसारखं १९१२ पासूनचं स्वस्त औषधसुद्धा अजून उपयोगी पडतं, आणि नीट उपचार मिळाले तर शंभरातल्या सत्तर जणांच्या फिट पूर्ण थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण ज्या घरात आजाराचं नाव घ्यायचं नाही, त्या घरात आशाताईंना कोण सांगणार?

म्हणून मी फॉर्म १ पासून सुरुवात करा म्हणते. मोटारीला आणि दुचाकीला ठरावीक काळ फिट न आल्याची अट, डॉक्टरांच्या सहीनिशी. बस-ट्रकला कडक अट. ग्रुपवर हे लिहिलं तेव्हा मामांनी विचारलं, 'अगं, उद्या त्यातला एखादा आमच्या अंगावर गाडी घालेल, त्याचं काय?' मामा, अशी माणसं आजही गाडी चालवतायत. फरक एवढाच की त्यांच्या डॉक्टरांना ते ठाऊक नाही, आणि फिट आल्यावर काही महिने गाडीला हात लावू नका, असं त्यांना कोणी सांगितलेलं नाही.