हळू वाजवता यावं म्हणून ॲम्प

काका, नमस्कार. तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. इतरांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. अकूस्टिक गिटारला पिकअप (तारेची थरथर विजेच्या संकेतात बदलणारा भाग) लावून ती ॲम्पला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या खोक्याला, जोडली की लाकडाचा आवाज जातो आणि प्लॅस्टिकचा येतो. हातात दम असेल तर वादकाला यंत्र लागत नाही. नाट्यसंगीताचे जुने गायक माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचे, आणि एमटीव्हीच्या 'अनप्लग्ड' या अकूस्टिक वाद्यांच्या कार्यक्रमात तरी कुठे ॲम्प होते?

प्लॅस्टिकबद्दल तुमचा कान अगदी बरोबर आहे. पिकअपवाल्या बहुतेक गिटारींत सॅडलच्या, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्या खाली पिएझोची (दाब पडला की वीज निर्माण करणाऱ्या पदार्थाची) पातळ पट्टी असते. सॅडलमधून खाली येणारी तारेची थरथर तिला कळते. वरची फळी कशी हलते, साउंडहोलमधून, म्हणजे फळीतल्या गोल भोकातून, हवा कशी बाहेर पडते, यातलं तिच्यापर्यंत फार थोडं पोहोचतं. म्हणून पिक जरा जोरात पडला की टक्क असा कोरडा आवाज येतो. त्यात या पट्टीचा इम्पीडन्स, म्हणजे विद्युत अडथळा, खूप जास्त असतो. मध्ये प्रीॲम्प (संकेत आधी सावरून घेणारं छोटं यंत्र) न ठेवता वायर सरळ मिक्सरला जोडली की खर्जातला भरीवपणा निघून जातो आणि उरतो तो पत्र्यासारखा आवाज. अनेक कार्यक्रमांत नेमकं हेच होतं, कारण साउंडवाल्याला गिटार म्हणजे आणखी एक चॅनल वाटतो. इलेक्ट्रिक गिटारच्या ॲम्पला अकूस्टिक जोडणं हा दुसरा प्रकार. त्या ॲम्पचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर झपाट्याने मंदावतो, आणि तारेची चमक तर तिथूनच पुढे असते. अकूस्टिकसाठी बनवलेल्या ॲम्पमध्ये त्यासाठी बहुधा वेगळा ट्वीटर, म्हणजे उंच सुरांसाठीचा छोटा स्पीकर, असतो.

मग माइकच का नाही? शांत सभागृहात एकटा गिटारवादक स्थिर बसून वाजवणार असेल, तर बाराव्या फ्रेटच्या (गिटारच्या गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) समोर वीतभर अंतरावर ठेवलेल्या चांगल्या माइकला तोड नाही. पण शेजारी काहोन (बसून वाजवायचा लाकडी खोका) किंवा तबला असला की तोच माइक गिटारपेक्षा तबलाच जास्त उचलतो. मॉनिटर (वादकाकडे तोंड केलेला स्पीकर) वाढवला की फीडबॅक, म्हणजे स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून घुमणं, सुरू. गिटारची पोकळी साधारण शंभर हर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमते. मोकळी पाचवी तार ११० हर्ट्झची, म्हणजे त्याच परिसरातली. ती छेडली की स्पीकरचा आवाज गिटारच्या अंगात शिरतो आणि सगळा मंच गुरगुरायला लागतो. साउंडहोलला रबराचं झाकण, प्रीॲम्पवरचं ध्वनिलहर उलटी करणारं फेजचं बटण, ठरावीक सूरच कापणारा नॉच फिल्टर हे सगळं त्या एका घुमणाऱ्या जागेला आवर घालण्यासाठी आहे.

आता 'हातात दम', ज्यासाठी मुळात हे उत्तर लिहायला बसलो. कॅफेत कॉफी मशीन फुसफुसत असतं, टेबलांवर गप्पा रंगलेल्या असतात. तिथे ॲम्पशिवाय वाजवायला बसलं की पहिल्या गाण्यातच उजवा हात बडवायला लागतो. तार जोरात ओढली की सूर सुरुवातीला किंचित चढतो आणि मग जागेवर येतो. फ्रेटवर तारा खडखडतात. बोटाच्या मांसाने छेडलेली तार आणि नखाने छेडलेली तार यातला फरक पार पुसला जातो. तुम्हाला जे लाकूड ऐकायचंय ते त्या फरकातच असतं, काका. ॲम्प असला की मला हळू वाजवता येतं. मी आवाज वाढवतो तो एवढ्यासाठीच.

जुन्या गायकांबद्दल मला पूर्ण आदर आहे. आवाजाची फेक हा त्यांच्या गायकीचा आणि मेहनतीचा भाग होता. गिटारकडे तसा गळा नाही, आणि ही उणीव ती बनवणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. मोठ्या पोटाची ड्रेडनॉट गिटार मार्टिन या अमेरिकन कंपनीने १९१६मध्ये आधी दुसऱ्या कंपनीसाठी बनवली आणि १९३१पासून स्वतःच्या नावाने विकली. मधल्या काळात आवाज मोठा करणाऱ्या धातूच्या शंकूंची रेझोनेटर गिटार आली. १९३६मध्ये गिब्सन कंपनीने पिकअप लावलेली ईएस-१५० ही गिटार काढली आणि १९३९मध्ये जॅझ गिटारवादक चार्ली ख्रिश्चन ती घेऊन क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या ताफ्यात वाजवू लागला. तोवर बँडमध्ये ऱ्हिदमपुरती राहिलेली गिटार त्याच्या हाती क्लॅरिनेटच्या बरोबरीने बोलली. ॲम्पने तिचं गिटारपण गेलं असं मला मुळीच वाटत नाही.

'अनप्लग्ड'चं म्हणाल, तर निर्वाणा या रॉक बँडचा नोव्हेंबर १९९३मधला न्यूयॉर्कचा कार्यक्रम पुन्हा ऐका. त्यांचा गायक-गिटारवादक कर्ट कोबेनच्या मार्टिन डी-१८ई या गिटारला पिकअप होता आणि ती फेंडर कंपनीच्या ॲम्पमधून वाजत होती. कार्यक्रमाच्या नावाला बाध येऊ नये म्हणून तो ॲम्प मॉनिटरचा खोका वाटेल असा झाकला होता. तरीही तो कार्यक्रम आपल्याला मनापासून भिडतो, आणि त्यात खोटं काही आहे असं मी म्हणणार नाही.

घरच्या बैठकीत तीस-चाळीस माणसं गप्प बसून ऐकणार असतील, तर काहीही जोडू नये. याबाबतीत मी शंभर टक्के तुमच्या बाजूचा.

शेवटी नातवाच्या गिटारचं. पिकअप नसलेली द्या असं तुम्ही दुकानात सांगितलंत, ते योग्यच केलंत. कमी बजेटमध्ये पिकअपवर जाणारा पैसा लाकडातून कापला जातो. त्याच किमतीत सॉलिड (अखंड) स्प्रूस लाकडाच्या टॉपची, म्हणजे वरच्या फळीची, मिळते का पाहा. प्लायवूडच्या टॉपपेक्षा ती जास्त बोलते. पावसाळ्यात ती केसमध्येच ठेवा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, नाहीतर दमट हवेत टॉप फुगतो, तारा उंच होतात आणि पोराची बोटं दुखतात. पुढे तो मंचावर जायला लागला की साउंडहोलमध्ये अडकवायचा पिकअप भोक न पाडता बसवता येतो. तेव्हा जरूर कळवा, कोणता घ्यायचा ते बसून ठरवू.